उतारावरची धाव

२०२४च्या मार्चमध्ये मी आबांची एम-८० एका मित्राच्या शेडमध्ये नेऊन उभी केली आणि किल्ली घरी आणून वरच्या फळीवरच्या रिकाम्या बरणीत लपवली. आबांना सांगितलं, गाडी गॅरेजला टाकलीय, एक पार्ट पुण्याहून यायचाय.

तो पार्ट तीन महिने येत राहिला.

आबा म्हणजे माझे आजोबा. तेव्हा वय ब्याऐंशी. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, त्यातला बराच काळ अकलूज डेपोला. निवृत्तीनंतर वेळापुरात घर आणि शेत, एवढंच जग. शेत गावापासून तीन किलोमीटरवर, पालखी महामार्गाच्या पलीकडे. सकाळी सातला एम-८०ला किक मारायची, विहिरीवर जायचं, ऊस बघायचा, बांधावर बसायचं, अकराला परत. आमच्या घरात कुणी घड्याळ बघत नसे. आबांची गाडी वाजली की आई पोळ्यांना घ्यायची.

मार्चमध्ये फाट्यावर एक शाळकरी मुलगी सायकलवरून येत होती. आबांनी ब्रेक उशिरा लावला. मुलगी पडली, गुडघा फुटला, डबा रस्त्यावर सांडला. एवढंच. आबा म्हणाले, "पोरगी आडवी आली." ते अगदी ठाम होते. संध्याकाळी त्या मुलीची आई घरी आली. भांडायला नव्हती आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आज गुडघाच फुटलाय, काका." आणि गेली.

त्या 'आज'मुळे मी किल्ली लपवली. अजूनही मला वाटतं की गाडी थांबवणं बरोबर होतं. चूक दुसरीच होती. ती कळायला मला एका अमेरिकन माणसाचं मरण वाचावं लागलं.

*

८ जून, शनिवार. मृग लागलेला. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो. आबा ओसरीवर बसून आभाळाकडे बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी फोनकडे. बातमी आली : अपोलो-८चे अंतराळवीर विल्यम अँडर्स यांचा विमान अपघातात मृत्यू. वय ९०. वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन जुआन बेटांजवळ, स्वतःचं जुनं टी-३४ मेंटर विमान उडवत असताना. विमानात ते एकटेच.

अँडर्स हे नाव कदाचित तुम्हाला माहीत नसेल, पण त्यांनी काढलेला फोटो तुम्ही शंभर टक्के पाहिलाय. चंद्राची राखाडी, खडबडीत कड, तिच्यावर काळंकुट्ट आभाळ आणि त्यात अर्धी उजळलेली निळी पृथ्वी. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरताना त्यांनी तो काढला. 'अर्थराइज' म्हणून तो ओळखला जातो. गेली पन्नासेक वर्षं पर्यावरणाच्या प्रत्येक पोस्टरवर, पाठ्यपुस्तकात, कुणाच्या तरी वॉलपेपरवर तो आहेच.

बातमीखाली दोन तट पडले होते. एक म्हणत होता, वा, असं मरण यावं. दुसरा म्हणत होता, नव्वदाव्या वर्षी विमान? घरच्यांनी किल्ली काढून घ्यायला नको होती?

दुसऱ्या तटाचं वाक्य वाचून मी फोन उलटा ठेवला. मग पुन्हा उचलला आणि आबांना फोटो दाखवला. हा माणूस चंद्रापर्यंत जाऊन आला होता, काल विमान पडून गेला, असं सांगितलं.

आबांनी फोटो लांब धरून पाहिला. मग विचारलं, "एकटाच हुता?"

"हो."

"खाली कोण हुतं?"

"कुणी नाही. पाणी होतं."

"मग ठीकाय." थोडा वेळ गेला. "माजी गाडी कवा येनार?"

इंटरनेटवर लोक अजून भांडत होते. आबांनी दोनच प्रश्न विचारले. गाडीत कोण होतं आणि खाली कोण होतं? एकतीस वर्षं पाठीमागे माणसं बसवून गाडी चालवलेल्या माणसाचे ते प्रश्न होते. मला वाटतं, या विषयात सुरुवात तिथूनच करावी लागते.

*

कायदासुद्धा थोडाफार असाच विचार करतो. प्रवासी विमान कंपनीच्या वैमानिकाला ६५व्या वर्षी थांबावं लागतं. पण अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान स्वतःपुरतं उडवणाऱ्याला वरची वयोमर्यादा नाही. आपल्याकडे पंचावन्ननंतर गाडीचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो, पण अमुक वयानंतर बंद असं नाही. म्हणजे कायदा फक्त वय विचारत नाही. तुझ्या जिवाबरोबर आणखी कुणाचा जीव टांगलाय, हेही विचारतो.

हा हिशेब अँडर्सना लावून बघितला की एक विचित्र गोष्ट दिसते.

१९६८मध्ये ते ३५ वर्षांचे होते. घरी पत्नी आणि पाच लहान मुलं. अपोलो-८ ज्या सॅटर्न-५ रॉकेटवर जाणार होतं, त्यावर तोपर्यंत एकही माणूस बसला नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या मानवरहित चाचणीत त्या रॉकेटने बराच त्रास दिला होता. चंद्राभोवतीच्या कक्षेतून परत निघायला एकच इंजिन. ते पेटलं नाही तर तिथेच फिरत राहायचं. अँडर्सनी स्वतःशी मांडलेलं गणित त्यांनी नंतर सांगितलं होतं : मोहीम यशस्वी होण्याची शक्यता तीनात एक, मोहीम फसून जिवंत परतण्याची तीनात एक आणि परत न येण्याची तीनात एक.

पाच लेकरांचा बाप हे गणित करून निघाला आणि आपण त्याला शूर म्हणतो. मलाही तो शूरच वाटतो. पण तोच माणूस नव्वदीत, मुलं मोठी झालेली, सगळी कामं उरकलेली, एकटा, पाण्यावर, स्वतःच्या विमानात गेला, तेव्हा आपण म्हणतो, काय हा हट्ट!

नीट पाहिलं तर दुसऱ्यांचं जास्त काही पणाला लागलं होतं ते पहिल्या वेळी. तरीही बोल लागतो दुसऱ्या वेळेला. का? मला एकच उत्तर सुचतं आणि ते फारसं चांगलं नाही. पहिल्या वेळचा धोका आपल्यासाठी होता. देशासाठी, विज्ञानासाठी, मानवजातीसाठी, काहीही म्हणा. दुसऱ्या वेळचा फक्त त्यांच्या आनंदासाठी. तरुणाने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला की आपण त्याचा पुतळा उभारतो. म्हाताऱ्याने स्वतःसाठी घातला की काळजीच्या नावाखाली त्याची किल्ली काढून घेतो.

पुतळा झालेल्या माणसाची किल्ली तर सरकारही काढून घेतं. अवकाशात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन. १९६७मध्ये त्याचा मित्र व्लादिमीर कोमारोव्ह सोयुझ-१ मोहिमेत मेला. त्या मोहिमेचा राखीव अंतराळवीर गागारिनच होता. त्यानंतर सोव्हिएत सरकारने त्याला अवकाशमोहिमांपासून बाजूला ठेवलं. एवढा मोठा माणूस गमावून चालणार नव्हतं. तो निदान विमान तरी उडवू द्या म्हणून मागे लागला. २७ मार्च १९६८ रोजी मिग-१५ विमानाच्या प्रशिक्षण उड्डाणात तो आणि त्याचे प्रशिक्षक दोघेही गेले. गागारिन ३४ वर्षांचा होता. ही गोष्ट जपणाऱ्याच्या बाजूने सांगता येते आणि उडणाऱ्याच्याही. मी दोन्ही बाजूंनी सांगून पाहिली. दोन्ही वेळा ती खरी वाटली.

*

आता जरा आपल्याकडचा माणूस घेऊ.

१५ ऑक्टोबर १९३२. अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. भारतातल्या नियमित हवाई टपालसेवेची ती सुरुवात, आणि पुढे जी एअर इंडिया झाली तिचीही. विमान चालवण्याचा परवाना त्यांना १९२९मध्येच मिळाला होता, आणि भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना.

त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, जे. आर. डी. पुन्हा कराचीहून निघाले. आता वय ७८. विमान १९३०च्या दशकातलं, एका इंजिनाचं लेपर्ड मॉथ. विमानात एकटे. मधल्या काळात देशाची फाळणी झाली होती, कराची परदेशात गेलं होतं, एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७८मध्ये सरकारने त्यांना तिच्या अध्यक्षपदावरून काढलंही होतं. ते सगळं मागे टाकून म्हातारा अहमदाबादमार्गे आला आणि जुहूला उतरला.

कशासाठी? त्यांनी तेव्हा जे सांगितलं त्याचा आशय असा : देशातली तरुण मुलं निराश झाली आहेत, त्यांना थोडी उमेद वाटावी, अडचणी कितीही असोत, एखादं काम आपल्याला जमेल तितकं उत्तम करण्यात आनंद असतो हे दिसावं.

लहानपणी ही गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाचताना दुसराच विचार येतो. समजा, ते विमान कच्छच्या रणावर बंद पडलं असतं तर? हेच उड्डाण, हाच माणूस, हाच हेतू. दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात काय आलं असतं? या वयात हे धाडस टाळायला हवं होतं. सुखरूप उतरले तर प्रेरणा, पडले तर हट्ट. म्हणजे आपण त्या माणसाच्या निर्णयाला तोलतच नाही. त्या दिवशी इंजिनाने साथ दिली की नाही, तेवढंच मोजतो आणि त्याला नैतिक निवाडा म्हणतो.

निवाडाच करायचा तर निघण्याआधीच्या हिशेबाचा करायला हवा. माणसाने काय काय मोजलं? काय मोजायचं टाळलं?

स्कॉट क्रॉसफिल्डचं उदाहरण घ्या. १९५३मध्ये आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारा हा पहिला माणूस. पुढच्या अंतराळवीरांना ज्या चाचण्यांमधून शिकता आलं, त्या चाचण्या करणाऱ्या पिढीतला. २००६च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी, स्वतःचं सेसना विमान एकट्याने चालवत असताना तो जॉर्जियात वादळी ढगांत सापडून मेला. चौकशीत बोट वयाकडे गेलं नाही. वाटेत हवामानाची ताजी माहिती त्याने घेतली नव्हती आणि नियंत्रकाने त्याला वादळाची सूचना दिली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. ही चूक चाळिशीतला माणूसही करतो. फरक इतकाच की चाळिशीतल्याला आपण चुकला म्हणतो आणि चौऱ्याऐंशीतल्याला म्हातारा झाला म्हणतो.

*

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी म्हाताऱ्यांच्या बाजूने वकिली करतोय. थांबा. फाट्यावरची ती मुलगी मी विसरलेलो नाही.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९मध्ये 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात पुलाचं एक उदाहरण दिलंय. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाय टाकतोय. सांगायला वेळ नसेल तर त्याला धरून मागे ओढा, त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, कारण त्याला नदीत पडायचं नाहीये. पण पूल पडेलच असं नसून फक्त धोका असेल, आणि त्या माणसाला ते माहीत असूनही जायचं असेल, तर? तो लहान मूल नसेल, भ्रमात नसेल, तर त्याला सावध करा आणि बाजूला व्हा, असं मिल म्हणतो.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला होता. आबांच्या बाबतीत तो मिटत नाही. एक म्हणजे त्यांच्या पुलावर इतर माणसंही आहेत, सायकलवरून शाळेत जाणारी. आणि दुसरं, जास्त अवघड : म्हातारपणी मोडकळीला आलेला पूल बाहेर नसतो, आपल्या आतच असतो. पूल किती मजबूत आहे हे ज्या डोळ्यांनी बघायचं, तेच डोळे अधू झालेले असतात. जी बुद्धी निर्णय घेणार, तिच्याच निर्णयावर शंका असते. तेव्हा 'त्याला धोका माहीत आहे का' हे विचारायचं कुणाला?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त विचार केलाय तो वैमानिकांनी. तत्त्वज्ञान म्हणून नव्हे, जीव वाचवायला. ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचं काहीच दिसत नाही. अशा वेळी विमान एका बाजूला हळूहळू वळत गेलं तरी त्याला आपण सरळ चाललोय असंच वाटतं, कारण तोल सांभाळणारा आतला कान सावकाश वळण ओळखत नाही. त्याच्या शरीराची अगदी खात्री असते. त्या खात्रीवर विसंबून अनेक जण जमिनीवर आदळलेत. म्हणून वैमानिकाला शिकवलेल्या पहिल्या काही गोष्टींत ही एक असते : स्वतःवर नको, समोरच्या काट्यांवर विश्वास ठेव.

अंतराळात गेलेली पहिली पिढी म्हटलं की आपल्याला बेफिकीर, छाती काढून चालणारी माणसं आठवतात. सिनेमांनी तसं दाखवलंय. पण ही माणसं एखादं बटण दाबण्याआधी कागदावरची यादी मोठ्याने वाचत. इंधन, दाब, कोन, सेकंद, सगळं मोजत. काटा नको म्हणाला तर उड्डाण रद्द करत. त्यांच्याकडून वारसा घ्यायचाच तर तो मरणाला न भिण्याचा नाही, मोजण्याचा घ्यावा. आणि मोजायच्या यादीत स्वतःलाही धरण्याचा.

जॉन ग्लेननी ते केलं. १९६२मध्ये पृथ्वीभोवती फिरलेला हा पहिला अमेरिकन १९९८मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, डिस्कव्हरी यानातून पुन्हा अवकाशात गेला. वय झालेल्या शरीराचं अवकाशात काय होतं, याच्या चाचण्या त्याने स्वतःवर करून घेतल्या. त्यानंतरही बरीच वर्षं तो स्वतःचं विमान उडवायचा. मग नव्वदीच्या सुमाराला ते विमान त्याने विकलं, कारण दोघा नवरा-बायकोला पंखावर चढून आत बसणं जमेना. परवाना तेव्हाही चालू होता. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. दोघांच्या गुडघ्यांनी सांगितलं, आणि त्याने ते ऐकलं.

*

८ जूनच्या संध्याकाळी मी बरणीतली किल्ली काढून आबांसमोर ठेवली आणि खरं सांगितलं. गाडी गॅरेजला नव्हती. पार्ट वगैरे काही नव्हतं.

आबा बराच वेळ किल्लीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकतीस वर्सं लॉगशीट भरली म्या. एक वळ खोटी लिवली न्हाई. आन तू मला तीन म्हयनं…" वाक्य तिथेच सोडलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चूक इथे होती. मी गाडी थांबवली म्हणून नव्हे. ज्या माणसाला काटे वाचायची आयुष्यभराची सवय, त्याला मी काटाच दाखवला नाही. तुमच्यामुळे एक मुलगी पडली, मला भीती वाटते, हे तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून मी त्यांना लहान मूल करून टाकलं. मिलने लहान मुलाला अपवाद केलंय ना, मग मी आबांना सोयीस्करपणे त्या अपवादात बसवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "डोळं तपासायला कवा जायचं?"

अकलूजला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका अर्धगोल यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. आबांनी सगळं लक्ष लावून, पाठ ताठ करून बटण दाबलं. एसटीत असताना दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी व्हायची, तिला ते असेच बसत असावेत. मग डॉक्टरांनी कागद समोर धरला. डाव्या बाजूला मोठा काळा डाग. काचबिंदू. कडेची नजर आधी जाते, डॉक्टर म्हणाले, आणि गेलेली जागा माणसाला काळी दिसत नाही, मेंदू ती परस्पर भरून काढतो. त्यामुळे आपल्याला सगळं दिसतंय असंच वाटत राहतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे.

आबा त्या कागदाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजी पोरगी आडवी न्हवती आली."

त्या संध्याकाळी ते काठी घेऊन त्या मुलीच्या घरी गेले. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाले. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही.

एम-८० आता माझा चुलतभाऊ वापरतो. किल्ली आबांनीच त्याच्या हातात दिली आणि क्लच कसा सोडायचा ते अर्धा तास शिकवलं. हा शेवट गोड आहे असं मला म्हणायचं नाही. सकाळी सातला आता ते ओसरीवर बसून कुणी शेताकडे निघालंय का बघतात. कधी कुणी नेतं, कधी नाही. घरात घड्याळ बघावं लागतं. एखाद्या माणसाची गाडी जाते तेव्हा त्याच्यातलंही काहीतरी कमी होतं, ते आम्हाला रोज दिसतं. पण जे गेलं ते त्यांनी स्वतः कागद वाचून सोडलं. ते कुणी चोरलं नाही.

*

आणि मग आषाढात माउलींची पालखी आली.

माळशिरसहून वेळापूरकडे येताना गावाच्या अलीकडे धावाबावीचा उतार आहे. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. पंढरपूर इथून तीसेक किलोमीटर. कळस दिसतो की नाही हे कुणी विचारत नाही. दरवर्षी दिंड्या इथे थांबतात, आणि एकदम हजारो माणसं टाळ-पताका घेऊन उतारावरून धावत सुटतात. याला 'धावा' म्हणतात. धावणाऱ्यांत सत्तरी-ऐंशीचे कितीतरी. आबा नोकरीतून सुटल्यापासून एकही धावा चुकले नव्हते.

यंदा मी म्हणालो, धोका त्यांचाच आहे, धावू देत. मला वाटलं, मी सगळा विचार करून झालोय.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचा एकट्याचा कसा? पडले, खुबा मोडला, तर अंथरुणात सगळं कोण काढणारे? तू? तू तर सोमवारी पुण्याला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एकदम सूझन बोरमन आठवल्या. अपोलो-८चे कमांडर फ्रँक बोरमन यांच्या पत्नी. त्यांनी नासाच्या ख्रिस क्राफ्टना गाठून विचारलं होतं, खरं सांगा, परत येण्याची शक्यता किती? उत्तर मिळालं, फिफ्टी-फिफ्टी. सगळं जग चंद्राकडे बघत होतं तेव्हा ही बाई घरी बसून नवऱ्याशिवायच्या आयुष्याची तयारी करत होती. पुढे त्या दारूच्या आहारी गेल्या, सावरल्या. त्याविषयी फ्रँक नंतर मोकळेपणाने बोलले. उतारवयात सूझनना अल्झायमर झाला तेव्हा फ्रँकनी त्यांची सेवा केली. २०२१मध्ये त्या गेल्या, २०२३मध्ये ९५व्या वर्षी फ्रँक. आपण चंद्रावर गेलेल्यांची नावं पाठ करतो. त्यांच्या धोक्याचा अर्धा भाग ज्यांनी स्वयंपाकघरात बसून उचलला, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून आबांच्या दोन प्रश्नांना मी तिसरा जोडला : गाडीत कोण, खाली कोण, आणि नंतर उचलणार कोण? या तिसऱ्या माणसाला नकाराचा हक्क आहे का? मला वाटतं, पूर्ण नाही. नाहीतर जगात कुणीच कधी कुठे निघालं नसतं. पण विचारलं जाण्याचा हक्क त्याला नक्की आहे.

मी आबांना तसं सांगितलं. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. असं ते सहसा करत नाहीत.

"धावू का ग?"

आईने तवा उतरवला. "पडलात तर?"

"पडलो तर उचल. तुज्यानं न्हाई झालं तर तुज्या नवऱ्याला सांग. त्यानं न्हाई ऐकलं तर पडून ऱ्हाईन."

आई हसली नाही. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वहाणा नको. बूट घाला. आणि कडेकडेनं. मधी घुसायचं नाही."

"बरं."

त्या दिवशी आबा पांढरे बूट, धोतर आणि टोपी अशा अवतारात उताराच्या वर उभे होते. मी आधी त्यांच्या मागे उभा राहिलो, पडले तर धरता यावं म्हणून. मग तो कागद आठवला आणि मी जागा बदलली.

टाळ एकदम वाढले, पुढची माणसं सुटली आणि आबा धावले. धावणं म्हणजे काय, भराभर चालणं, मध्ये दोन-चार उड्या. तोंडाने माउली, माउली. उजवीकडून माणसं जात होती, ती त्यांना दिसत होती. डावीकडून जात होती ती दिसत नव्हती. मी त्यांच्या डाव्या बाजूने धावत होतो, हात न लावता.

खाली, उतार संपतो तिथे, आई पाण्याची बाटली आणि आबांची काठी घेऊन उभी होती.